मशीन कितीला देताय?

“त्यात काही नाही, काकू,” असं माझा पुतण्या फोनवर म्हणाला आणि तिथून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. ज्या कामाआधी कुणी ‘त्यात काही नाही’ म्हणतं, त्यात हमखास सगळं काही असतं. संसार आणि वर्कशॉप दोन्ही सांभाळून एवढं तरी मला कळायला हवं होतं. पण पुतण्या कॉम्प्युटरचा माणूस, परदेशात नोकरीला. मला वाटलं त्याला माहीत असेल.

आमचं वर्कशॉप म्हणजे महाळुंग्यातली पत्र्याची एक शेड आणि शेडमध्ये एक मशीन. व्हीएमसी म्हणतात त्याला. कॉम्प्युटरमधून मापं द्यायची, की ते लोखंड किंवा ॲल्युमिनियम कोरून, भोकं पाडून हवा तो भाग काढून देतं. नवरा एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये होता. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हातात जे काही आलं ते सगळं त्याने ह्या मशीनमध्ये घातलं. मशीन तो चालवतो. बिलं, चलनं, जीएसटी, फोन आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा चहा माझ्याकडे. आधी आम्ही काळेवाडीत घराखालच्या गाळ्यात होतो, पण मशीन सुरू झालं की वरच्या मजल्यावरच्या कपबशा वाजायला लागायच्या आणि मग कपबशांचे मालक खाली यायचे. शेवटी शेड घेतली. घर मात्र काळेवाडीतच राहिलं, त्यामुळे रोज सकाळी चाकणच्या ट्रॅफिकमध्येच आमची निम्मी ताकद संपते.

आमचं बरंचसं काम एकाच कंपनीकडून यायचं. त्या कंपनीने आमचे भाग जिथे लागायचे ती लाइनच उचलून दुसऱ्या राज्यात नेली. आमच्यासाठी कुणी थांबणार नव्हतंच, पण साधं सांगायचं तरी. एक दिवस माल घेऊन गेलो तर गेटवरच कळलं. तेव्हापासून मशीन आठवड्यातले निम्मे दिवस झाकून ठेवलेलं असायचं. नवरा फार बोलत नाही. एवढंच म्हणाला, “दिवाळीपोतर बघू. न्हाई जमलं तर मशीन काढून टाकू आणि मी कुठंतरी ऑपरेटर म्हणून लागतो.” ज्या माणसाने स्वतःचं काहीतरी असावं म्हणून पक्की नोकरी सोडली, त्याने पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्याच्या मशीनवर नाइट शिफ्ट करायची, हे मला अजिबात सहन होण्यासारखं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं नाही. मी कामाला लागले.

ओळखीपाळखीतून चाकणच्या एका कंपनीत नाव गेलं. तिथल्या पर्चेसच्या मॅडमचा फोन आला. बोलायला गोड होत्या. म्हणाल्या, आमचा माणूस तुमच्या पत्त्यावर जाऊन आला, तिथे ब्यूटी पार्लर आहे. मी विचारलं, कुठल्या पत्त्यावर? तर काळेवाडीच्या. “तुमच्या वेबसाइटवर तोच आहे,” मॅडम म्हणाल्या. आम्हाला वेबसाइट आहे हे मी पार विसरून गेले होते. पुतण्या कॉलेजात होता तेव्हा त्याने हौसेने करून दिली होती, आम्ही सगळ्यांनी मिळून ती एकदा बघितली होती, पेढे वाटले होते आणि विषय संपला होता.

“आणि ते फोटो जरा बदला,” मॅडम पुढे म्हणाल्या. “साहेब साइट बघूनच व्हिजिट ठरवतात. त्यात मशीन दिसतच नाही. नुसती फुलं दिसतात.”

फोन ठेवून मी साइट उघडली. मॅडमचं काही चुकलं नव्हतं. एकूण एक फोटो खंडेनवमीचा होता. आमच्याकडे, म्हणजे ह्या सगळ्या पट्ट्यात कुठेही जा, मशीनचा फोटो काढायचा दिवस वर्षातून तेवढा एकच. एरवी हात तेलाने माखलेले असतात, अंगावर कामाचे कपडे असतात, कोण फोटो काढतंय? खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून लख्ख होतं, केळीचे खुंट बांधले जातात, झेंडूच्या माळा वरपासून खालपर्यंत सुटतात, कंट्रोल पॅनलवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, आणि मग सगळे नवे कपडे घालून समोर उभे राहतात. आमच्या साइटवर अशी कित्येक वर्षांची पूजा ओळीने मांडलेली होती. एका फोटोत मशीनपुढे मी, नवरा, सासूबाई, शेजारच्या गाळ्यातले चार जण आणि नारळ. मशीन म्हणून जे काही दिसत होतं ते माळांमधून डोकावणारं एक बटण. कुणी परक्याने बघितलं तर त्याला वाटावं, ह्यांचा लग्नमंडपाचा धंदा आहे.

मग पुतण्याला फोन. जुनी साइट त्याने स्वतः कोडिंग करून केलेली. त्याचा पासवर्ड ज्या ईमेलवर होता, त्या ईमेलचा पासवर्ड तो विसरला होता, आणि तो परत मिळवायचा ओटीपी ज्या नंबरवर जात होता तो नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे होता. “सोड काकू ते,” तो म्हणाला. “आता कोडिंग लागत नाही. फुकटची टूल्स आहेत. नुसतं ओढायचं, सोडायचं. तू नवीन बनव, मी आपल्या साइटचा पत्ता त्याला जोडून देतो. त्यात काही नाही.”

त्याने दोन-तीन टूल्सची नावं पाठवली. मी त्यातलं एक निवडलं, कारण त्याच्या पहिल्याच पानावर एक बाई हसत होती आणि खाली लिहिलं होतं की, कुणालाही काही मिनिटांत जमेल. मी शेडच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसले, जिथे मी बिलं करते. पलीकडे मशीनवर ताडपत्री घातलेली होती.

पहिल्यांदा त्याने विचारलं, तुमचा व्यवसाय काय. यादीत उपाहारगृह होतं, योगवर्ग होता, फोटोग्राफर, केकवाले, कुत्र्यांना आंघोळ घालणारे, सगळे होते. लोखंडाला भोकं पाडणारं कुणी नव्हतं. अख्ख्या जगात म्हणे कुणालाही साइट बनवता येते, पण ते जग बहुतेक केक खातं आणि योग करतं. मी ‘इतर’ निवडलं. त्यावर त्याने मला एक तयार नमुना दिला, ज्यात काचेच्या इमारतीत गोरे लोक लॅपटॉपकडे बघून खदाखदा हसत होते. लॅपटॉपकडे बघून इतकं हसायला काय असतं हे मला अजून कळलेलं नाही. मला तर रडायला येत होतं.

‘ओढायचं, सोडायचं’ हा काय प्रकार आहे, तेही सांगते. पत्त्याची चौकट ओढून वर नेली की फोटो खाली जायचा. फोटो वर आणला की फोन नंबर फोटोच्या मागे लपायचा. नंबर बाहेर काढला की पत्ता पान सोडून कुठे जायचा कोण जाणे. पाहुणे आल्यावर आमच्या वन रूम किचनमध्ये अंथरुणं घालताना होतं, तसंच. शेवटी कॉम्प्युटरवर एकदाचं सगळं जागेवर बसलं. मी खूश होऊन नवऱ्याला त्याच्या मोबाइलवर उघडून दाखवलं, तर तिथे आमचं नाव अर्धं कापलेलं आणि पत्ता उभ्या ओळीत, एकाखाली एक अक्षर. मोबाइलसाठी म्हणे वेगळं मांडायचं असतं. हे आधी कुणी सांगायला नको का?

नवऱ्याने मोबाइल परत दिला. “बोर्ड रंगवून घेतला असता पेंटरकडून,” तो म्हणाला. “एका दिवसात झाला असता. आणि बोर्डावरचं अक्षार जागचं हलत न्हाई.”

शिवाय फुकट म्हणजे काय, तर जे जे आपल्याला हवं त्यावर एक छोटासा मुकुट काढलेला. जरा बरं अक्षर घ्यावं, मुकुट. फोटो थोडा मोठा करावा, मुकुट. मुकुटावर बोट लागलं की पैसे भरायचं पान उघडायचं. बिनमुकुटाचं जे उरतं ते सगळं राखाडी. आणि तळाला एक पट्टी, की ही साइट अमुक टूलने फुकट बनवली आहे. ती पट्टी काढायची तर, अर्थातच, मुकुट. म्हणजे आम्ही फुकटे आहोत हे येणाऱ्या प्रत्येक साहेबाला वाचता येणार होतं.

शिकवणारे व्हिडिओ मी पुष्कळ बघितले. एक मुलगा ‘दोस्तों’ म्हणून सुरुवात करायचा आणि ‘बस, यहाँ क्लिक कर देना है’ म्हणेपर्यंत झपाझप चार पानं पुढे गेलेला असायचा. तो दाखवायचा ते बटण माझ्या स्क्रीनवर नसायचंच. टूल बदलत गेलं होतं आणि व्हिडिओ जुना राहिला होता. मी व्हिडिओतल्या मुलाला मोठ्याने शिव्या द्यायला लागले तेव्हा नवरा उठून बाहेर गेला आणि शेजारच्या शेडमध्ये जाऊन बसला. त्यात गुरुवारी लाइट नसते, आमच्या भागाची आठवड्याची सुट्टी. एकदा बुधवारी संध्याकाळी अर्धवट ठेवलेलं काम शुक्रवारी उघडलं तर त्याने ते सेव्हच केलेलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून केलं. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

मजकूर लिहायची सोयही त्यात होती. चार शब्द द्या, आम्ही सगळं लिहून देतो. मी लिहिलं, व्हीएमसी जॉबवर्क, महाळुंगे. त्याने क्षणात लंबंचौडं इंग्रजी लिहून दिलं. नवऱ्याला मी त्याचं मराठी करून वाचून दाखवलं, की आपण जगभरातल्या ग्राहकांना कल्पक उपाय देतो आणि उत्कृष्टतेचा ध्यास हा आपल्या रक्तात आहे.

“आमी उपाय देत न्हाई,” नवरा म्हणाला. “आमी भोकं पाडतो. ते लिव.”

मी ते सगळं पुसलं आणि ती जागा कोरीच राहिली. मग नकाशा. त्यात महाळुंगे टाकलं तर खूण जाऊन बसली बालेवाडीजवळच्या महाळुंग्यात. आमचं महाळुंगे चाकणचं. ह्या दोन गावांनी आमचे कितीतरी टेम्पो आजवर उलटसुलट पळवले आहेत, आणि प्रत्येक ड्रायव्हरने फोनवर मलाच झापलं आहे. खूण धरून ओढावी तर नकाशाच सरकायचा आणि खूण तिथेच. शेवटी ती बसली, शेडपासून थोडी पुढे, वजनकाट्यावर. तिथून हाक मारली तरी ऐकू येतं, म्हणून मी ती तशीच ठेवली.

राहिले फोटो. मला वाटलं, टूलमध्येच तयार फोटो आहेत, त्यातली चकचकीत फॅक्टरी घेऊन टाकावी. सुदैवाने मी आधी मॅडमना विचारलं. “अहो, नको नको,” त्या म्हणाल्या. “तसले फोटो ट्रेडर लोक टाकतात, ज्यांचं स्वतःचं मशीनच नसतं. तुमचं स्वतःचं मशीन टाका. फक्त विदाउट फ्लॉवर्स.”

मग एके सकाळी आम्ही ताडपत्री काढली. नवऱ्याने मशीन आतून-बाहेरून पुसलं, आतला लोखंडाचा कीस काढला, काच साबणाने धुतली. खंडेनवमीला पुसतो तेवढ्याच निगुतीने. मी चहूबाजूंनी फोटो काढले. त्याला म्हटलं, तुम्हीही उभे राहा बाजूला. तो म्हणाला, “मी काय नवरदेव हाय का? मशीनचा काढ.” मलाही ते पटलं. आधीच्या फोटोंत माणसांचीच गर्दी झाली होती. टूलच्या नमुन्यात ‘आमची टीम’ म्हणून तीन गोल होते, तीन चेहऱ्यांसाठी. आम्ही दोघं. तिसरा गोल काही केल्या निघेना, म्हणून मी रागारागाने अख्खी टीमच काढून टाकली. त्या जागी मशीनची माहिती घातली. कंपनी, साल, टेबलाचं माप, वजन किती पेलतं, सगळं पाटीवरून बघून नीट लिहिलं. खाली लिहिलं, उत्तम स्थितीत. खाली माझा नंबर. आणि पब्लिशचं बटण दाबलं.

खरं सांगते, मला अभिमान वाटला. मॅडमचाही लगेच मेसेज आला, साइट छान झाली आहे, साहेबांना दाखवते, कळवते. मी नवऱ्याला तो मेसेज दोनदा वाचून दाखवला. तो म्हणाला, “बघू.” पण त्या दिवशी तो शिट्टी वाजवत होता.

पहिला फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. “साइट बघून फोन केला,” समोरचा म्हणाला आणि माझ्या हातातली पालकाची जुडी खाली पडली. मी एकदम आवाज बदलून, बोला सर, म्हटलं.

“मशीन कितीला देताय?”

मला वाटलं, चुकून लागला असेल. मी सांगितलं, मशीन द्यायचं नाही, आम्ही काम करून देतो. त्याने बरं म्हणून ठेवून दिला. मग दुसरा आला. मग एक दलाल, “वहिनी, पार्टी तयार आहे, तुम्ही फक्त आकडा सांगा.” मग कोल्हापूरहून एक. काम आहे का म्हणून विचारणारा एकही नाही. एकाला मी शेवटी चिडून विचारलंच, की अहो, आम्ही विकायचं आहे असं कुठे लिहिलंय?

तो माणूस शांत होता. “बाई, तुम्हीच बघा ना,” तो म्हणाला. “मशीन धुऊनपुसून ठेवलेलं. साल लिहिलंय, माप लिहिलंय, कंडिशन लिहिलीय. मशीनवर कोरायला जॉब लावलेला नाही, आजूबाजूला माणूस नाही. जुनं मशीन विकायला काढलं की फोटो असेच टाकतात. आम्ही काय समजायचं?”

फोन ठेवून मी कपाळाला हात लावला. इतके दिवस खपून, एकेक चौकट ओढून आणि सोडून मी आमच्या मशीनच्या विक्रीची जाहिरात तयार केली होती. आणि ती इतकी झकास झाली होती, की कोल्हापूरपर्यंत पोचली होती.

नवरा पहिल्यांदा खूप हसला. शेजारच्या शेडमध्ये जाऊन सांगून आला. “आमच्या मंडळींनी मला न विचारता मशीन बाजारात लावलं राव,” असं. मीही हसले. ‘उत्तम स्थितीत’ काढून टाकलं, साल काढलं. पण फोन थांबले नाहीत, कारण दलालांनी तोवर आमचे फोटो आपापल्या ग्रुपवर फिरवले होते. आणि मॅडमचं ‘कळवते’ तसंच राहिलं होतं. मी एकदा मेसेज केला, त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. हळूहळू नवऱ्याचं हसणं बंद झालं. एखादा फोन आला की तो नुसता माझ्याकडे बघायचा. मग विचारायला लागला, “काय म्हणत होता? आकडा काय बोलला?” मला त्या प्रश्नाची भीती वाटायला लागली.

एक दिवस डबा खाताना, मान वर न करता तो म्हणाला, “उद्या सकाळी भोसरीचे एक जण येनार हायत. मशीन बघायला.”

“कशाला बघायला?”

“बघायला म्हंजे घ्यायला. मीच फोन करून या म्हणलोय.”

“दिवाळी लांब आहे अजून. तुम्हीच म्हणाला होतात, दिवाळीपर्यंत बघू.”

“दिवाळीला काय लायटिंग लावून विकायचं? आज गिऱ्हाईक दारात हाय. उद्या कोन येतंय?”

“आणि मग तुम्ही काय करणार?”

“लागीन कुठंतरी. ऑपरेटर समद्यांना पायजेत.”

“नाइटला? दुसऱ्याच्या पोरांच्या हाताखाली?”

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. “मग काम हाय का आपल्याकडं?” तो म्हणाला. “असंल तर सांग. मी आत्ता फोन करून त्याला नको म्हणतो.”

काम नव्हतं. आणि म्हणूनच मला इतका राग आला. त्याचा नव्हे. त्या गोड बोलणाऱ्या मॅडमचा, लाइन उचलून नेणाऱ्या कंपनीचा, ‘त्यात काही नाही’वाल्या पुतण्याचा, लॅपटॉपकडे बघून हसणाऱ्या त्या गोऱ्या लोकांचा, आणि सगळ्यात जास्त माझाच. मी डबा तसाच झाकला. नवरा हात धुऊन मटेरियलचं काहीतरी बघायला म्हणून बाहेर गेला. काही बघायचं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

मी टेबलावर जाऊन बसले आणि साइट उघडली. सगळ्यात वर, मशीनच्या फोटोच्या डोक्यावर, एक मोठी चौकट घेतली. ती कुठे सरकली नाही, की तिने काही पाडलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एखादी चौकट मी ठेवली तिथे राहिली. त्यात मी मराठीत, असेल नसेल तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: हे मशीन विकायचं नाही. यावर आम्ही नवरा-बायको काम करतो. काम असेल तर फोन करा.

मोबाइलवर कसं दिसतं तेही तपासलं. नीट दिसत होतं. पब्लिश केलं आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने ते काढायला लावलं असतं, आणि मी काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून आला. शेड उघडून मशीन पुसायला लागला, पुसलेलंच पुन्हा. मी टेबलाशी जुनी चलनं उगाचच इकडची तिकडे करत होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात तेलाचे होते, म्हणून त्याने मानेनेच मला खूण केली. मी स्पीकर चालू करून फोन मशीनच्या टेबलावर ठेवला.

“भाऊ, चाकण चौकात अडकलोय,” भोसरीचा माणूस म्हणाला. मागे हॉर्न ऐकू येत होते. “लोकेशन बघायला तुमची साइट उघडली. तर वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, मशीन विकायचं नाही. काय भानगड काय आहे? येऊ का परत फिरू?”

नवऱ्याचा पुसणारा हात थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही.

“साइटवर तसं लिवलंय?” त्याने फोनला विचारलं.

“मी काय खोटं बोलतोय? आम्ही नवरा-बायको काम करतो, असंही लिहिलंय.”

पलीकडून, हॅलो, हॅलो, चाललं होतं. मग त्याने फडक्याला हात पुसले, एकेक बोट, सावकाश.

“त्याचं काय हाय भाऊ,” तो म्हणाला, “साइट आमची मंडळी बघतात. त्यांनी लिवलंय ना? मग तेच खरं.”

“आधी सांगायचं ना राव!” माणूस वैतागला आणि त्याने फोन ठेवला. वैतागला त्यात त्याचं चुकलं नाही.

लग्नाला इतकी वर्षं झाली. नवरा माझं ऐकत नाही असं नाही, पण माझं म्हणणं तेच खरं, असं परक्या माणसाला त्याने कधी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी चलनांचा गठ्ठा उचलला आणि सगळी चलनं खाली सांडली.

“रडू नको,” तो म्हणाला. “काम कुठाय ते सांग.”

“आणते,” मी म्हटलं.

कुठून आणणार होते, मला माहीत नव्हतं. तो वळला आणि त्याने मशीन चालू केलं. त्यावर जॉब नव्हता, नुसतंच फिरायला लागलं, आणि त्या आवाजात शेडचा पत्रा थरथरला. मी नाक पुसलं, मोबाइल घेतला आणि पर्चेसच्या मॅडमना फोन लावला. मेसेज नाही, फोन. त्यांनी उचलेपर्यंत रिंग जाऊ दिली.

“मॅडम, तुम्ही कळवणार होतात,” मी म्हटलं. आवाज चढलेला होता, आणि मशीनच्या घरघरीत तो तसाच ठेवावा लागत होता. “आम्ही इथेच आहोत. मशीन चालू आहे, ऐकू येतंय ना? साहेबांना विचारून आत्ता सांगा, बघायला कधी येताय?”